मुळाक्षरे, भय आणि धैर्य : ‘न्यू इंग्लंड प्रायमर’चे भाषिक परीक्षण

शाळेत जाण्याच्या वयापूर्वीच मुलाला घरी अक्षरओळख करून द्यावी आणि त्याच अक्षरांबरोबर त्याच्या मनात धैर्यही रुजवावे, ही अपेक्षा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबांत फार जुनी आहे. अक्षरओळख ही कौशल्याची बाब, तर धैर्य ही शीलाची. दोहोंचा सांधा कोठे व कसा जुळतो, हे मात्र क्वचितच तपासले जाते. तो तपासावयाचा झाल्यास ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ या चिमुकल्या पुस्तकाइतका सोयीचा नमुना दुसरा नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टन येथे निघालेले हे पुस्तक पुढे सुमारे दीडशे वर्षे अमेरिकेतील घराघरांतून वाचले गेले. पॉल लेस्टर फोर्ड यांनी 1897 मध्ये या पुस्तकाचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी त्याच्या एकूण खपाचा सावध अंदाज तीस लाख प्रतींचा दिला आहे. एवढ्या प्रती निघूनही फार थोड्या उरल्या. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत 1727 सालची आहे. मुलांच्या हातून पुस्तके फाटतात, हे त्याचे उघड कारण होय.

या पुस्तकासंबंधी जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. शिक्षणाचे इतिहासकार त्याकडे कुतूहलाची वस्तू म्हणून पाहतात, तर बालमनाचे कैवारी त्यास क्रूर ठरवून मोकळे होतात. पाच वर्षांच्या मुलासमोर जिवंत जाळल्या जाणाऱ्या मनुष्याचे चित्र ठेवणारे पुस्तक क्रूर वाटावे, यात नवल नाही. परंतु या दोन्ही पक्षांनी पुस्तकाची भाषा वाचलेली दिसत नाही. त्यातील वाक्ये कोण बोलतो, कोणास उद्देशून बोलतो आणि मूल ती मोठ्याने वाचते तेव्हा ‘मी’ या शब्दाचा धनी कोण होतो, हे प्रश्न विचारल्यावाचून धैर्याच्या शिकवणुकीचा निर्णय करता येत नाही.

प्रथम घराची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने 1642 मध्ये असा कायदा केला की, मुलांना वाचता यावे व धर्माची मूलतत्त्वे आणि वसाहतीचे प्रमुख कायदे समजावेत, याची जबाबदारी आईबापांवर व उमेदवारांच्या मालकांवर राहील, आणि हयगय करणाऱ्यांस दंड होईल. पन्नास कुटुंबांच्या गावाने शिक्षक नेमावा हा कायदा त्यानंतरचा, 1647 चा. म्हणजे घर हीच पहिली शाळा होती आणि शाळा ही नंतरची सोय होती. या घरगुती शिक्षणात वाचन व लेखन यांची फारकत होती, हे जेनिफर मोनहॅन यांच्या 2005 च्या ग्रंथात चांगले स्पष्ट झाले आहे. वाचन शिकवीत ती आई किंवा शेजारची एखादी बाई, आणि लेखन शिकवी तो पुरुष शिक्षक. स्वतःची सही करता न येणारी बाईसुद्धा मुलाला बायबल वाचावयास शिकवू शकत असे. त्यामुळे प्रायमर हे डोळ्यांपेक्षा कान व जीभ यांचे पुस्तक आहे. ते मनात वाचण्यासाठी नव्हतेच. आईने म्हणावे, मुलाने तिच्यामागून म्हणावे, हाच त्याचा वापर.

पुस्तकाचा आरंभ अक्षरमालेने व जोडस्वरांच्या तक्त्याने होतो. अ‍ॅब, एब, इब, ऑब, अब अशा ओळी आपल्या बाराखडीची आठवण करून देतात. पण साम्य वरवरचे आहे. बाराखडीत व्यंजन व स्वर मिळून जे अक्षर होते ते लेखनाचे खरोखरीचे एकक असते. इंग्रजीत हे तक्ते केवळ जिभेचा व्यायाम ठरतात, कारण त्याच स्वरचिन्हाचा उच्चार पुढच्याच पानावरील शब्दात बदलतो. पुढे एका अवयवाच्या शब्दांपासून सहा अवयवांच्या शब्दांपर्यंत चढती श्रेणी आहे. सहा अवयवांच्या यादीत ‘अ‍ॅबॉमिनेशन’, ‘ह्युमिलिएशन’, ‘मॉर्टिफिकेशन’ असे शब्द येतात, म्हणजे किळस, मानखंडना, देहदमन. यातील गंमत अशी की, ‘शन’ हा अखेरचा एकच उच्चार तेथे ‘टि’ आणि ‘ऑन’ असा दोन तुकड्यांत फोडलेला आहे. तोंडी भाषेत पाच अवयव असलेला शब्द पुस्तकात सहा अवयवांचा होतो. अर्थाच्या दृष्टीने पाहावे, तर ज्या मुलाला अद्याप ‘लाज’ या शब्दाची नीट ओळख नाही त्याने ‘मानखंडना’ सहा तुकड्यांत म्हणावी, अशी ही योजना आहे. कौशल्याच्या नावाखाली आशय आधीच शिरला आहे. तो समजावा अशी मात्र अपेक्षा नाही.

त्यानंतर येणारी सचित्र अक्षरपद्ये हा या पुस्तकाचा सर्वांत प्रसिद्ध भाग होय. अक्षरे चोवीस आहेत, कारण ‘आय’ व ‘जे’ आणि ‘यू’ व ‘व्ही’ यांत अद्याप भेद केलेला नाही. प्रत्येक अक्षराला एक लहानसे लाकडी ठशाचे चित्र आणि एक यमकबद्ध जोडओळ दिलेली आहे. ‘ए’ला आदामाचे पतन, ‘बी’ला बायबल, ‘सी’ला मांजर, ‘डी’ला चोराला चावणारा कुत्रा, ‘एफ’ला शाळेत मार खाणारा आळशी मूर्ख. ध्वनिशिक्षण म्हणून ही निवड फारशी काळजीपूर्वक केलेली नाही. मांजराचा ‘सी’ आणि राजाचा ‘के’ यांचा उच्चार एकच. झर्क्सिस राजाचा ‘एक्स’ आणि जक्कयाचा ‘झेड’ यांचाही एकच. ‘एक्स’ या अक्षराचा खरा ध्वनी ज्या शब्दात आरंभी ऐकूच येत नाही, तोच शब्द त्याचा प्रतिनिधी म्हणून योजावा लागला. इंग्रजीत दुसरा मिळणेही कठीण होते, हे मान्य केले पाहिजे. असे असूनही या पद्यांनी मुले वाचावयास शिकली, आणि त्याचे श्रेय यमकाला आहे. शालापूर्व वयात यमक ओळखण्याची शक्ती व पुढील वाचनाची प्रगती यांचा निकट संबंध ब्रॅडली व ब्रायंट यांनी 1983 मध्ये प्रयोगाने दाखविला. प्रायमरच्या संपादकाला यातील काही ठाऊक असण्याचा संभव नाही. पण दोन ओळींच्या अखेरीस येणारा सारखा नाद मुलाला शब्दाच्या आत शिरावयास शिकवितो, एवढे त्याच्या कानाला कळले होते.

आता या अक्षरमालेत धैर्य कोठे आहे, ते शोधू लागले की आश्चर्य वाटते. ज्यांच्या कथा आज ख्रिस्ती घरांत धैर्याचे पहिले पाठ म्हणून सांगितल्या जातात ते वीर येथे जवळजवळ दिसतच नाहीत. गल्याथाला पाडणारा दावीद येथे नाही. दावीद येतो तो ‘यू’ या अक्षरापाशी, उरीयाच्या सुंदर पत्नीसाठी उरीयाचा जीव घेऊ पाहणारा पातकी राजा म्हणून! पेत्र येतो तो आपल्या प्रभूला नाकारून रडणारा म्हणून. ईयोब येतो, पण त्याचे धैर्य सोसण्याचे आहे, लढण्याचे नव्हे. सिंहही आहे, परंतु त्याच्या पंजात कोकरू आहे. निखळ साहसाची म्हणता येईल अशी एकच व्यक्ती, एस्तेर राणी. बोलावणे नसता राजापुढे जाणे म्हणजे मरण, हे जाणूनही ती आपल्या लोकांसाठी पुढे झाली. 1727 च्या प्रतीत मात्र तिचे जाणे राजवैभवाच्या थाटात दिसते. तिचे भय, तिचा उपवास, तिचा क्षणभराचा नकार यांपैकी काही दोन ओळींत मावणे शक्यच नव्हते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एस्तेरचा पती अहश्वेरोश म्हणजेच ग्रीकांचा झर्क्सिस, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे ‘क्यू’पाशी आलेल्या राणीचा नवरा ‘एक्स’पाशी पुन्हा भेटतो, आणि तेथे तो मेला असे सांगितले आहे. ज्याच्या भयाने राणी कापली तो राजाही मर्त्य होता, हा धैर्याचा केवढा मोठा पाठ! पण वर्णानुक्रमाने पतिपत्नींना पाच अक्षरे दूर ठेवले, आणि दोघांची कथा एकच आहे हे मुलाला सांगण्याची सोय राहिली नाही. अक्षरांचा क्रम कथेचा क्रम मोडतो. अक्षरमालेतून शील शिकविण्याच्या सर्वच प्रयत्नांची ही मूळची अडचण आहे.

‘ओ’ या अक्षराचे चित्र मात्र जाता जाता पाहण्यासारखे आहे. 1651 च्या लढाईत हरलेला दुसरा चार्लस ज्या ओक वृक्षात लपून वाचला, तो वृक्ष येथे गौरविला आहे. प्युरिटनांच्या मुलांना प्युरिटनांच्याच शत्रूचा लपण्याचा प्रसंग पाठ करावयास लावणारे हे संपादकीय धोरण बाजारपेठेचे असावे, धर्माचे नसावे. ‘के’च्या पद्यातील राजाची स्तुतीही अमेरिकन क्रांतीनंतर मुकाट्याने बदलण्यात आली.

अक्षरपद्ये बहुतांशी तृतीय पुरुषी आहेत. आदाम पडला, पेत्र रडला, झर्क्सिस मेला. मूल साक्षी आहे, कर्ता नाही. पुढे पाने उलटली की पुरुष बदलतो. आज्ञाधारक मुलाच्या प्रतिज्ञा प्रथमपुरुषी भविष्यकाळात आहेत, आणि त्यांतील पहिलीच प्रतिज्ञा देवाचे भय बाळगण्याची आहे. येथे ‘भय’ हे क्रियापद निंद्य नाही, वंद्य आहे. इंग्रजीत एकाच शब्दाने काळोखाची भीती व देवाविषयीचा धाक अशा दोन्ही गोष्टी बोलल्या जातात. मराठी बायबलातील ‘परमेश्वराचे भय’ या शब्दप्रयोगातही तीच द्व्यर्थता उतरली आहे. मोठ्या माणसाला संदर्भावरून भेद कळतो. परंतु जे मूल काल रात्री काळोखाला भ्याले, त्याला आज सकाळी ‘मी देवाला भिईन’ असे म्हणावयास लावले असता ते या दोन अर्थांची वाटणी कशी करीत असेल? प्युरिटन विचारात धैर्याची व्याख्याच या भयातून निघते. एका मोठ्या भयाने इतर सर्व भये लहान करणे, हे ते धैर्य. शास्त्र म्हणून ही व्याख्या सुसंगत आहे. परंतु शब्द जेथे दोन्ही भयांना एकच नाव देतो तेथे मुलापर्यंत पोहोचते ती बेरीज, वजाबाकी नव्हे.

प्रश्नोत्तरांच्या भागातही पुरुषाचा हा खेळ महत्त्वाचा आहे. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत 107 प्रश्न असून तिची भाषा सामान्य विधानांची आहे. तेथे ‘मनुष्या’विषयी बोलले जाते. जॉन कॉटन यांनी 1646 मध्ये अर्भकांसाठी दूध म्हणून लिहिलेली प्रश्नोत्तरी मात्र सरळ ‘तुला’ विचारते आणि ‘मी’कडून उत्तर घेते. मूळ पापाचा सिद्धांतसुद्धा तेथे मूल स्वतःविषयीच उच्चारते. (हीच प्रश्नोत्तरी 1691 मध्ये तेथील मूळ रहिवाशांच्या मॅसॅच्युसेट भाषेत छापली गेली. त्या भाषेच्या अभ्यासकांना तिचा आजही उपयोग होतो.) मानसशास्त्राच्या दृष्टीने कॉटन यांची पद्धती अधिक कठोर आहे, पण भाषाशिक्षणाच्या दृष्टीने ती अधिक डोळस आहे. लहान मुलाला ‘मनुष्य’ ही जाती कळण्यापूर्वी ‘मी’ आणि ‘तू’ कळतात.

या पार्श्वभूमीवर जॉन रॉजर्स यांचे पान वाचले पाहिजे. रॉजर्स यांना मेरी राणीच्या कारकीर्दीत 4 फेब्रुवारी 1555 रोजी लंडनमधील स्मिथफील्ड येथे जाळण्यात आले. त्या राजवटीत जाळले गेलेले ते पहिले प्रॉटेस्टंट. भाषेच्या अभ्यासकाला त्यांची ओळख वेगळी आहे. टिंडल व कव्हरडेल यांच्या भाषांतरांवरून सिद्ध झालेले 1537 चे ‘मॅथ्यू बायबल’ त्यांनीच संपादिले होते. प्रायमरमधील चित्रात ते ज्वालांत उभे आहेत आणि जवळच त्यांची पत्नी व मुले आहेत. चित्राखालच्या मजकुरातील मुलांचा हिशेब असा मांडला आहे की, मुले एकंदर नऊ की अंगावरचे धरून दहा, असा वाद वाचकांत होत राहिला. फॉक्सच्या हुतात्मग्रंथात तर ती अकरा आहेत. मोजणी शिकणाऱ्या मुलांनी या चित्रावर बोट ठेवून ती पुनःपुन्हा मोजली असतील, असे मानावयास हरकत नाही.

चित्रामागून रॉजर्स यांनी मुलांना केलेला दीर्घ पद्य-उपदेश येतो. तो वस्तुतः रॉबर्ट स्मिथ या दुसऱ्या हुतात्म्याचा आहे, असे संशोधकांनी दाखविले आहे. परंतु मुलाच्या दृष्टीने कर्तृत्वाचा हा प्रश्न गौण होय. महत्त्वाचे हे की, या पद्यात ‘मी’ म्हणजे मरणास निघालेला बाप आणि ‘तुम्ही’ म्हणजे त्याची मुले. मूल ते मनात वाचत नाही, मोठ्याने म्हणते. म्हणता म्हणता त्या बापाचा ‘मी’ मुलाच्या तोंडी येतो. ऐकणारे ‘तुम्ही’ही तेच मूल आहे. एकाच वेळी ते मरणाऱ्या बापाच्या जागी उभे राहते आणि मागे उरणाऱ्या पोराच्या जागीही. अक्षरपद्यांचा तृतीय पुरुष व प्रतिज्ञांचा प्रथम पुरुष यांना जे साधले नाही ते येथे साधते. चित्रातले मूल काही करीत नाही, ते नुसते उभे राहून पाहते. पण पाहणे व न पळणे हेच त्याच्या वाट्याचे धैर्य आहे, आणि पद्य त्याला त्या धैर्यासाठी शब्द पुरविते. ज्या घरांत पाळण्यातले भावंड दगावणे ही नित्याची गोष्ट होती तेथे हा पाठ काल्पनिक नव्हता. पुस्तकाला क्रूर म्हणणाऱ्यांनी ही बाजू विचारात घेतलेली नाही. तसेच त्याचा गौरव करणाऱ्यांनी हेही विचारात घेतलेले नाही की, या धैर्यात मुलाच्या स्वतःच्या भयाला कोठेही तोंड फुटत नाही. बाप बोलतो, आई मूक आहे, मुले मूक आहेत. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य साऱ्या पुस्तकाच्या योजनेत कोठे बसू शकले असते, असे दिसत नाही.

हे वाक्य ज्याच्या योजनेत बसते असा विचारवंत त्याच काळात होऊन गेला. जॉन लॉक यांचा शिक्षणविषयक ग्रंथ 1693 चा, म्हणजे प्रायमरचा जवळजवळ समकालीन. हॉर्नबुक, प्रायमर, स्तोत्रे, नवा करार, बायबल हा वाचनाचा रूढ रस्ता त्यांना ठाऊक होता आणि रुचत नव्हता. अक्षरे त्यांनी अनेक पैलूंच्या हस्तिदंती चेंडूवर डकवून खेळात शिकवावयास सांगितली, आणि पहिले वाचन म्हणून इसापाच्या गोष्टी सुचविल्या. धैर्याविषयी त्यांचे म्हणणे असे की, कोवळ्या वयात मुलाला भेडसावू नये. ज्याची भीती वाटते त्याची सवय पायरीपायरीने करावी. त्यांनी दिलेले उदाहरण बेडकाचे आहे. मूल बेडकाला भिऊन पळत असेल तर दुसऱ्याने तो पकडून दूर ठेवावा, मग मुलाने नुसते पाहावे, मग जवळ जावे, मग दुसऱ्याच्या हातातला चाचपावा, आणि अखेर तो त्याने स्वतः हाती घ्यावा. येथे धैर्य शब्दांत नाही, अंतरात आहे, पावलापावलाने कमी होणाऱ्या अंतरात. अक्षर व धैर्य या दोन्ही गोष्टी लॉक एकाच ग्रंथात शिकवितात, पण एका पानावर आणीत नाहीत. ‘एफ’चे अक्षर बेडकाच्या भीतीवर स्वार करावे असे त्यांना वाटले नाही. हा त्यांचा विवेक होय. तथापि बेडकाला न भिणारा मुलगा अन्यायी राजापुढे उभा राहील की नाही, या प्रश्नाला लॉक यांच्याजवळ पायरी नाही. प्रायमर त्या प्रश्नापासून आरंभ करते.

या परंपरेचा महाराष्ट्राशी संबंध आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1810 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मंडळाचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईस आले व त्यांच्या मराठी मिशनने येथे शाळा काढल्या. ही मंडळी ज्या धार्मिक वातावरणात वाढली ते प्रायमरचेच होते. मराठी ख्रिस्ती बालवाङ्मयाच्या आरंभीच्या अभ्यासकाने ही गोष्ट नजरेआड करू नये.

आजच्या अमेरिकेत घरशिक्षण पुन्हा बळावले आहे. 1993 पर्यंत ते पन्नासही राज्यांत कायदेशीर ठरले होते. शालापूर्व मुलांसाठी तेथे वापरल्या जाणाऱ्या धार्मिक पाठांत एक आठवडा, एक अक्षर, एक बायबलकथा व एक सद्गुण अशी सांगड पुष्कळदा दिसते. ‘डी’ला दावीद किंवा दानीएल, ‘एल’ला सिंह, मोजणीला दाविदाचे पाच गुळगुळीत गोटे, आणि सद्गुण धैर्य. अक्षर व ध्वनी यांचा मेळ येथे प्रायमरपेक्षा पुष्कळच अधिक जपलेला असतो, आणि ‘घाबरलास का?’ हा प्रश्न मुलाला मोकळेपणाने विचारला जातो. हा लाभ लहान नव्हे. परंतु प्रायमरमधून जे वगळले होते तेच आता मुख्य झाले आहे आणि जे मुख्य होते ते वगळले गेले आहे. आताचे धैर्य नेहमी जिंकते. गल्याथ पडतो, सिंह तोंड मिटतात. मोजणीच्या पाठात पाच गोटे मोजून झाले की पाठ संपतो. कथेत मात्र दावीद त्यांपैकी एकच वापरतो, आणि उरलेले चार त्याने कशासाठी घेतले असतील हे मोजणारे मूल विचारल्याशिवाय राहत नाही. आपला नेम चुकू शकतो असे दाविदाला वाटले होते काय? धैर्याचा खरा पाठ त्या चार गोट्यांत असू शकतो. तो सहसा घेतला जात नाही.

दानीएलाच्या कथेची गोष्ट याहून बिकट आहे. जुन्या करारात ती दानीएलाच्या सुटकेपाशी थांबत नाही. त्याच्यावर आरोप करणाऱ्यांना त्यांच्या बायकामुलांसह त्याच गुहेत टाकण्यात आले आणि सिंहांनी त्यांचा चुराडा केला, असे पुढचेच वचन सांगते. मुलांसाठीच्या आवृत्त्यांत ते गळलेले असते आणि शिकविणाऱ्या आईला त्याबद्दल दोष देणे कठीण आहे. पण रॉजर्सच्या चित्रात पुढे उभी असलेली ती नऊ किंवा दहा मुले आणि दानीएलाच्या गुहेत टाकलेली ही न मोजलेली मुले यांत फरक आहे. पहिल्यांना पुस्तकाने नाव दिले नाही तरी जागा दिली होती.